परसदारी पक्षी यावेत म्हणून काय करावं? पाणी, दाणे, झाडं: सल्ला हवा आहे

वाईकरीण:
नमस्कार मंडळी. आमचं वाईला जुनं घर आहे, मागे अर्ध्या-पाऊण गुंठ्याचं परस. त्यात पेरू, कढीपत्ता, शेवगा, एक डाळिंब आणि कुंपणाला मेंदी. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा दिवस बहुतेक मागच्या पडवीतच जातो. त्यांना पक्ष्यांची फार आवड. दयाळ, बुलबुल, तांबट आवाजावरून ओळखतात. पण समोर येतात ते साळुंक्या आणि शेजारच्या पत्र्यावरचे पारवे. बाकीचे वडा-उंबरावर लांब ओरडतात आणि तिथूनच निघून जातात.

त्यांना बाकावर बसल्या बसल्या पक्षी जवळून दिसावेत असं काहीतरी करायचं आहे. दाणे कुठले घालावेत? पाणी कशात ठेवावं? शेजारच्यांचं मांजर दिवसभर आमच्याकडे असतं, त्याचं काय? डास होतील म्हणून घरातून पाण्याला विरोध आहे. आणि दुर्बीण घ्यायची तर कुठली? ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सविस्तर सांगा.

पाणकावळा:
ताई, क्रम उलटा लावा. आधी पाणी, मग झाडं, आणि दाणे शेवटी, तेही मोजके. दाण्यावर चिमण्या, होले, मुनिया, पोपट आणि पारवे येतात, यादी तिथेच संपते. शिंपी, नाचण, दयाळ, शिंजीर, हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा थिरथिरा, यांतला एकही तुमच्या बाजरीकडे ढुंकून बघणार नाही. पाण्यावर मात्र यांतले बरेच येतात. फेब्रुवारी सरून ऊन तापलं की तुम्हाला फरक दिसेल.

कुंभाराकडून मातीचं पसरट परळ आणा. मोठ्या कुंडीखालची मातीची ताटलीही चालते. पाणी दोन इंचांच्या वर नको. तळाशी नदीतले दोन-तीन चपटे गोटे ठेवा, थोडे पाण्याबाहेर राहतील असे. चिमणी, चष्मेवाला यांच्यासारखे लहान पक्षी गोट्यावर बसून पितात, आणि आंघोळीला उतरले तर पाय घसरत नाहीत. स्टीलचं भांडं उन्हात चटके देतं. प्लास्टिकचं हलकं असतं, साळुंकी काठावर बसली की कलंडतं.

मांजराचं उत्तर जागेत आहे. परळ मेंदीला लागून ठेवू नका, मांजर तिथेच दबा धरतं. चहूबाजूंनी सात-आठ फूट जमीन मोकळी हवी आणि वर पेरूची एखादी फांदी हवी. पक्षी आधी फांदीवर येतो, अंदाज घेतो, मग उतरतो. आंघोळ झाल्यावर पंख जड झालेले असतात, लांब उडता येत नाही, तेव्हा पुन्हा तीच फांदी लागते. शक्य असेल तर दोन परळं करा. एक चार-पाच फूट उंचीच्या खांबावर आणि एक जमिनीवर, होले आणि सातभाईंसाठी. मांजर फारच धीट असेल तर जमिनीवरचं काढून टाका.

डासांबद्दल घरच्यांना सांगा की अंड्यापासून डास उडेपर्यंत आठवडाभर तरी साठलेलं पाणी लागतं. रोज सकाळी परळ झाडाच्या बुंध्याशी उपडं करायचं, काथ्याने घासायचं, नवं पाणी भरायचं. घासणं टाळू नका, अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. गावाला जाताना परळ पालथं घालून जा.

आबा_लातूर:
पाणकावळा यांचं पाण्याबद्दलचं सगळं पटलं, आमच्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर तोच धर्म. पण दाणे शेवटी म्हणाल तर मला वाईट वाटतं. आमच्या घरी खळं झालं की ज्वारीची पाच-दहा भरलेली कणसं बाजूला काढून वळचणीला टांगायची रीत आहे. माझी आजी करायची, आई करायची, आता मी करतो. चिमण्या कणसाला लटकून एकेक दाणा काढतात. तुमच्या आईंना बाकावरून ते तासन् तास बघता येईल.

आणि ताई, यात तुमच्या पारव्यांचंही उत्तर आहे. पारव्याला टेकायला सपाट जागा लागते, झुलत्या कणसाला धरून त्याला खाता येत नाही. ताटलीत दाणे टाकले की पहिला तोच येतो, टांगलेल्या कणसावर चिमण्या आणि मुनिया. ज्वारी नाही मिळाली तर बाजरीचं कणीस किंवा भाताच्या लोंब्यांची पेंढी बांधा. वाईच्या बाजूला भात मिळायला अडचण नाही.

ठाणेकर:
आबांचा उपाय फार आवडला. पण एक गोष्ट ठामपणे सांगतो. गच्चीवर, पत्र्यावर, अंगणात मूठ-मूठ धान्य पसरणं नको. पारवे वाढले की बाकीचे पक्षी मागे हटतात आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासातून जाऊन फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. मुंबईत २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, त्यामागे हीच काळजी होती. तुमच्या घरात दिवसभर पडवीत बसणारी वयस्क व्यक्ती आहे, म्हणून जास्त कळकळीने सांगतोय.

फरसाण, बिस्किटं, पाव, मिठाची पोळी, फोडणीचा भात हेही नको. मीठ आणि तेल त्या एवढ्याशा शरीराला झेपत नाही.

पाणकावळा:
आबा, तुमच्या कणसांना माझा विरोध नाही, उलट तीच दाणे देण्याची सगळ्यात चांगली पद्धत आहे. मी जे म्हणालो ते ताटलीतल्या धान्याबद्दल. एक भर घालतो. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच भरवते. म्हणजे कणीस टांगलं आणि त्याच परसात कीटकनाशक फवारलं तर घरट्यातली पिल्लं उपाशी. कढीपत्त्यावर आणि लिंबावर फुलपाखराच्या अळ्या दिसल्या तर राहू द्या. थोडी पानं जातील, झाड मरत नाही.

लीड्सवासी:
मी मूळची साताऱ्याची, सध्या ब्रिटनमध्ये. इथे परसात फीडर, म्हणजे पक्ष्यांच्या दाण्यांचं भांडं, टांगणं घरोघरी चालतं. गोल्डफिंचसाठी नायजर नावाचं बी दुकानात मिळतं, म्हणजे आपण चटणी करतो ते कारळे. पाहून घरची आठवण आली होती.

सांगायचं आहे ते स्वच्छतेबद्दल. ग्रीनफिंच हा इथला परसातला अगदी नेहमीचा पक्षी. २००५ च्या सुमारास ट्रायकोमोनोसिस हा घशाचा रोग त्यांच्यात शिरला, आणि गर्दीचे, न धुतलेले फीडर आणि पाण्याची भांडी हे तो पसरण्याचं मोठं कारण ठरलं. २०२१ मध्ये या पक्ष्याचं नाव इथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेलं. म्हणून जे काही ठेवाल ते एका दिवसात संपेल इतकंच ठेवा. ओलं झालेलं, बुरशी आलेलं धान्य फेकून द्या, जागा अधूनमधून बदला. पिसं फुगवून गप्प बसलेला, चोचीशी ओलसर, उडायला टाळाटाळ करणारा पक्षी दिसला तर दोन-तीन आठवडे खाणं पूर्ण बंद करा आणि भांडी उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. इथे चरबीचे गोळेही टांगतात. ते आपल्याकडे करू नका, आपल्या हवेत वितळतात आणि खवट होतात.

उमा_देवरुख:
मला झाडांबद्दल बोलायचंय, कारण खरी मेजवानी तिथे असते. तुमच्याकडे आहेत ती झाडं उत्तम आहेत. शेवगा फुलला की शिंजीर सकाळपासून हजर. कढीपत्त्याची काळी फळं बुलबुल आणि कोकीळ दोघांना आवडतात, म्हणून फुलोरा छाटू नका. पेरू सगळे उतरवू नका, वरच्या फांद्यांवरचे राहू द्या. आईंना जवळून बघायचं असेल तर पिकलेल्या पपईची अर्धी फोड किंवा सालासकट केळं पडवीसमोरच्या फांदीला खिळ्यात अडकवा. लालबुड्या बुलबुल तर हमखास येतो. संध्याकाळी उरलेलं काढून टाका, नाहीतर रात्री उंदीर-घुशी येतात.

नवीन लावायचं असेल तर तुती लावा. फांदी खोचली तरी लागते, दोन-तीन वर्षांत फळ धरते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बुलबुल, चष्मेवाला, साळुंकी, कोकीळ सगळे एकाच झाडावर. शेजारी अडुळसा आणि देशी जास्वंद शिंजिरांसाठी. मोठी पानं असलेलं एखादं झाड ठेवा, अंजीर चालेल. शिंपी पानाच्या कडा शिवून आत घरटं करतो. आमच्या परसात त्याने भोकराची दोन पानं जोडली होती, टाके अगदी जवळून बघितल्याशिवाय कळत नव्हते. आंब्याच्या झाडावर बांडगूळ असेल तर एखादी फांदी राहू द्या, फुलटोच्या मुख्यतः त्याच्या फळांवर जगतो.

झाडाखालचा पाचोळा रोज झाडून काढायची सवय असेल तर एक कोपरा सोडून द्या. सातभाई त्यात तासभर उलथापालथ करतात. आमच्याकडे कोकणात नारिंगी डोक्याचा कस्तुरही पाचोळ्यातच चरतो, हिरवळीवर क्वचितच. जवळच थोडी कोरडी भुसभुशीत माती ठेवा, चिमण्या तिच्यात धुळीने आंघोळ करतात. आणि पडवीतली कोळ्याची सगळी जाळी काढू नका. शिंजीर, नाचण, शिंपी घरट्याला चिकटवायला तोच धागा नेतात.

एक करून बघा: परळाच्या वर मडकं टांगा आणि तळाच्या भोकात सुती वात घालून ठेवा, शंकराच्या पिंडीवरच्या अभिषेकपात्रासारखं. थेंब पडण्याचा आवाज आणि हलणारं पाणी पाहून लांबचे पक्षीही उतरतात. आमच्याकडे पानाआडून कधीच बाहेर न येणारा स्वर्गीय नर्तक या थेंबांवर आला होता.

वाईकरीण:
इतकं मनापासून लिहिल्याबद्दल खूप आभार. सासूबाईंना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. आबांच्या कणसांचं ऐकून त्यांना माहेरची वळचण आठवली. आज परळ आणि दोन गोटे आणले, कणसं रविवारच्या बाजारात बघते. मडकं घरात आहेच.

दोन शंका. शिंजिरांसाठी साखरपाणी ठेवतात ना? आणि चिमणीसाठी लाकडी घरटं टांगायचं तर कसं असावं?

उमा_देवरुख:
साखरपाणी नको. आपल्या उन्हात ते काही तासांत आंबतं, मुंग्या लागतात. शिंजिराला फुलातला मध पुरतो, आणि पिल्लांना तो कोळी आणि बारीक किडेच भरवतो. तो खर्च एका अडुळशाच्या रोपावर करा.

पाणकावळा:
चिमणीच्या घरट्याला दार ३२ मिलिमीटर व्यासाचं हवं. त्याहून मोठं केलं तर साळुंकी ताबा घेते. दारापासून तळ पाच-सहा इंच खाली असावा, म्हणजे बाहेरून पंजा घालून पिल्लू ओढता येत नाही. दाराखाली बसायला काडी लावू नका, चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र उपयोगी पडते. आतून रंग नको, तळाला पाणी निथळायला बारीक भोकं हवीत. आठ-दहा फुटांवर, सावलीत, पश्चिमेचं ऊन आणि पावसाची झड लागणार नाही अशा भिंतीला घट्ट बसवा. पंख्यापासून लांब. अंडी असताना उघडून बघू नका, फोटोसाठीही नाही. एक वीण आटोपून पिल्लं उडाली की मगच साफ करा.

निरभ्र:
दुर्बिणीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ८×४२ ही पहिली निवड. ८ म्हणजे आठपट मोठं दिसतं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. मोठ्या आकड्याच्या मोहात पडू नका. दहा-बारा पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही तितकाच वाढतो आणि पक्षी सापडत नाही. आईंच्या हातांना वजन जाणवत असेल तर ८×३२ घ्या, दिवसाउजेडी तेवढी पुरते. तुमच्या बाबतीत एक गोष्ट विशेष बघा: सगळ्यात जवळचं किती अंतर स्पष्ट दिसतं. तुमचं परळ बाकापासून दहा-बारा फुटांवर असणार. जी दुर्बीण पंधरा फुटांच्या आतलं दाखवत नाही ती तिथे काही कामाची नाही. दुकानात जाऊन समोरच्या टेबलावर रोखून बघा, चष्मा असेल तर चष्म्यासकट.

आवाज ओळखायला फोनवर मर्लिन हे कॉर्नेल विद्यापीठाचं मोफत अ‍ॅप आहे, भारतातल्या पक्ष्यांची माहिती त्यात उतरवून घेता येते. तरी डोळ्यांनी खात्री करायचीच. कोतवाल पक्षी शिक्र्याची (लहान शिकारी पक्षी) हुबेहूब नक्कल करतो, अ‍ॅपही फसतं. अर्थात तुमच्या सासूबाईंचा कान असेल तर त्यांनाच आधी विचारा.

आणि फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही जगभरातली पक्षीगणना असते, चार दिवस. एका जागी निदान १५ मिनिटं बसायचं, दिसलेले-ऐकलेले पक्षी मोजून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायचे. पडवीतल्या बाकावरूनही चालतं. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, लेखक-पक्षितज्ज्ञ मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. तेव्हापासून वही ठेवायला लागा. फेब्रुवारीपर्यंत आईंकडे थंडीत आलेल्यांची चांगली यादी होईल.

वाईकरीण:
नोंदवते. अजून एक, आत्ताच दिसलेलं. बुलबुल सकाळपासून आमच्या गाडीच्या आरशावर चोची मारतोय. दुखापत होईल का? काही खायला हवंय का त्याला?

उमा_देवरुख:
भूक नाही, त्याला आरशात दुसरा नर दिसतोय. जवळपास त्याचं घरटं असणार, बहुधा तुमच्या मेंदीतच. दमून जातो बिचारा. आरशावर जुना मोजा किंवा कापडी पिशवी चढवून ठेवा, खिडकीच्या काचेवर करत असेल तर बाहेरून कागद लावा. मेंदी पिल्लं उडेपर्यंत छाटू नका. पिल्लू खाली पडलेलं दिसलं आणि अंगावर पिसं असतील तर उचलून घरात आणू नका, मांजराला आत कोंडायला शेजाऱ्यांना सांगा आणि लांब उभ्या राहा. आई-बाप त्याला तिथेच भरवतात.