जुनं घर, बेताचे पैसे: काय राखलंत, काय काढलंत?

दिवाळीनंतर आम्ही कोथरूडच्या घराचं काम काढलं आणि फेब्रुवारीत परत राहायला आलो. तेव्हापासून ओळखीतल्या चौघांनी तरी फोन करून विचारलं, किती गेले, फरशी काढलीत का, गळती थांबली का. पुण्यात तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारती इतक्या आहेत, की हे प्रश्न बऱ्याच घरांत घोळत असणार. म्हणून हा धागा. ज्यांनी थोडक्या पैशांत जुन्या घराचं काम केलं त्यांनी सविस्तर लिहा. वाडा असो, बंगला असो, भाड्याची खोली असो. आकडे लिहिलेत तर फार उपयोग होईल. चुकलेलंही जरूर लिहा. सुरुवात मी करते.

कोथरूड, १९८४ची इमारत

दुसरा मजला, लिफ्ट नाही, ५६० चौरस फूट. सासऱ्यांनी घेतल्यापासून रंगापलीकडे घराला हात लागला नव्हता. आमच्याकडे ६ लाख होते आणि कर्ज काढायचं नाही हे पक्कं होतं. तीन ठिकाणी विचारलं. अंदाज आले ११ ते १४ लाखांचे, आणि तिन्हींत पहिली ओळ तीच: सगळी फरशी काढून व्हिट्रिफाइड टाइल्स.

फरशी म्हणजे आपली १० इंची मोझॅक, वर्षानुवर्षं पुसून करडी पडलेली. माझाही तिच्यावर जीव नव्हता. पण सामान बांधताना दिवाण सरकवला आणि त्याच्याखालचा चौकोन दिसला. लोण्यासारखी पिवळसर जमीन, तिच्यात काळे, तांबडे, हिरवट खडे, काल बसवल्यासारखे. मी तिथेच जमिनीवर बसले. दुसऱ्या दिवशी पॉलिशवाल्याला बोलावलं. त्याने सांधे खरवडले, पांढऱ्या सिमेंटमध्ये जुळता रंग कालवून भरले, ते वाळू दिलं. मग मशीन. आधी भरड दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर. सगळे मिळून १९ हजार. नवी फरशी हमाली आणि राडारोडा धरून सव्वा लाखाच्या पुढे जात होती. एक गोष्ट मात्र कारागिरांसमोर उभं राहून बघा: मशीनखालून निघणारा पांढरा लगदा मोरीत ओतू देऊ नका. तो आत घट्ट बसतो आणि पाइप चोंदतो. आम्ही बादल्या भरून खाली नेल्या.

वाचलेले पैसे दोन्ही बाथरूममध्ये घातले, ते काम एकूण १ लाख ९५ हजारांचं. खालच्या काकूंच्या छताला ओल येत होती. त्यांनी चार वर्षं सोसलं, एकदाही आवाज चढवला नाही, आणि आम्ही प्रत्येक वेळी वरवर सांधे भरून वेळ मारून नेली याची मला आजही लाज वाटते. या वेळी थेट स्लॅबपर्यंत उकरलं. आतला विटांचा चुरा काळा, ओलागच्च निघाला. नहाणी ट्रॅपपाशी, म्हणजे सांडपाणी जिथून खाली जातं तिथे, जुना पाइप सडलेला होता. नवे पाइप, वॉटरप्रूफिंग, त्यावर कोबा, मग नहाणीचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवलं. ठेकेदार म्हणाला २४ तास पुरे. आम्ही ७२ तास ठेवलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ काकूंकडे जाऊन स्टुलावर चढून छताला हात लावून पाहिलं. तिसऱ्या दिवशीही हात कोरडा राहिला, तेव्हा टाइल्स लावायला सांगितलं.

चुकलं ते असं, की भाडं वाचवायला पहिले १२ दिवस आम्ही त्याच घरात राहिलो. सासूबाईंना दमा आहे. तोडफोडीच्या धुळीने त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. दुसरीकडे राहण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा, विशेषतः घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर.

कसबा पेठ, वाड्यातले तीन खण

आमचं घर आजोबांपासून भाड्याचं. जमीन शहाबादी, भिंती विटामातीच्या, वर सागवानी तुळया. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा. त्याप्रमाणे घर राहण्याजोगं ठेवायची जबाबदारी मालकाची आहे. त्यांनी केलं नाही, तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरूला दुरुस्ती करून घेता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. आमचं भाडं महिना ९० रुपये, म्हणजे वर्षाला २७० रुपये वळते होणार. आमच्या मालकांशी संबंध चांगले आहेत, त्यांचीही परिस्थिती बेताची. आम्ही त्यांची लेखी संमती घेतली आणि खर्च स्वतः केला, एकूण १ लाख ६० हजार. वाड्यातल्या इतरांनी एक लक्षात ठेवा. लाकडी पार्टिशन, उभा ओटा, हवेसाठी खिडकी ही कायमची बांधकामं म्हणून त्या कायद्यात धरलेली नाहीत. पण महापालिकेची परवानगी जिथे लागते तिथे घ्यावीच लागते. भिंत पाडणं किंवा माळा चढवणं लेखी संमतीशिवाय करू नका.

आता खरं काम. २०११ साली वडिलांनी मोठ्या हौसेने आतून सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिक पेंट मारला होता. दोनच पावसाळ्यांत पोपडे धरले. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते. जुन्या चुन्यातून ती हळूहळू उडून जायची, सिमेंटने तिची वाट अडवली. मग ती आतल्या आत साचली आणि क्षार फुलले. भिंतीला हात लावला की पीठ हाताला यायचं. या वेळी सगळा सिमेंट गिलावा खरवडून काढला. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला दोन महिने गेले. शेवटी एका देवळाच्या जीर्णोद्धारावर काम करणारे एक मामा मिळाले. त्यांनी चुना आठ दिवस भिजत ठेवला, रोज ढवळला, वस्त्रगाळ केला. पिंपातला तो चुना दह्यासारखा दिसायचा. गिलावा पातळ थरांत, एक थर आवळल्याशिवाय दुसरा नाही. वर चुन्याचीच सफेदी. दोन पावसाळे गेले, पोपडा नाही.

तुळया मामांनी हातोडीने ठोकून पाहिल्या. भरीव लाकूड खणखणीत बोलतं, पोखरलेलं बद्द आवाज देतं. तुळईचं जे टोक भिंतीत शिरतं तिथेच आधी कुजतं, म्हणून तिथे आधी ठोकून बघा. आमच्या सातांपैकी एक कुजलेली निघाली. तिला आधार देऊन टोकाशी लोखंडी चॅनल जोडला. उरलेल्या सहांवरचा ऑइलपेंट मी आणि भावाने रोज रात्री जेवणानंतर खरवडला. खालून जो सागवानी रंग निघाला, त्याला फक्त जवसाचं तेल पाजलंय.

धागाकर्तीकडून: तुमचं वाचून आम्हा दोघांना फार बरं वाटलं. त्या मामांसारखे आणखी कुणी कारागीर माहीत असतील तर कोणत्या भागात काम करतात तेवढं सांगा.

कसबा पेठ: ताई, भोरकडचे आहेत. कामं देवळांचीच घेतात. जिथे जीर्णोद्धार चालू असेल तिथे जाऊन विचारायचं, आम्हीही तसंच शोधलं.

निवृत्त वायरमन, हडपसर

मी ३४ वर्षं वायरिंगची कामं केली, म्हणून चार शब्द. जुन्या घरात पहिला खर्च इथे करा, रंग नंतर. कित्येक घरांत मी तीन पिनांचं सॉकेट उघडलं आहे आणि वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. अर्थिंग फक्त दिसायला. त्या घरात बाई ओल्या हाताने गिझर लावत असते. दिवे-पंख्यांना दीड, प्लगला अडीच, गिझर आणि एसीला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या, प्रत्येकाचं सर्किट वेगळं. मीटरनंतर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच, लावा. वायरवर जास्त भार आला किंवा शॉर्ट सर्किट झालं की वीज तोडायची ते एमसीबी बघतो, माणसाच्या अंगातून वीज जाते ते आरसीसीबी बघतो. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. चार इंची भिंतीत वायरसाठी आडवी लांब झिरी (खाच) मारू देऊ नका, भिंत कमकुवत होते. पैसे कमी असतील तर वरून पट्टी मारून वायरिंग करा, त्यात कमीपणा काही नाही. झिरी, प्लॅस्टर, परत रंग हे सगळं वाचतं आणि पुढे दुरुस्तीही सोपी.

गोखलेनगर

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा आजोबांचं शनिवार पेठेतलं बिऱ्हाड वाहून गेलं. त्यानंतर मिळालेलं हे बैठं घर, वर सिमेंटचे पत्रे. आमचा सगळा खर्च छपरावर झाला, म्हणून तेवढंच लिहितो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. ते तुटताना, कापताना जी धूळ उडते ती फुप्फुसांत बसते आणि तिचे आजार फार वर्षांनी दिसतात. माणसं ग्राइंडर घेऊन आली तेव्हा मी काम थांबवलं. पाण्याचा फवारा मारून पत्रे ओले केले, नट ढिले करून अख्खे उतरवले, सगळ्यांना चांगले मास्क दिले, मुलांना आत्याकडे पाठवलं. एक दिवस जास्त गेला. नवे रंगीत पत्रे घातले, त्याखाली उष्णतारोधक थर आणि खाली सीलिंग. एप्रिलमध्ये दुपारी आत बसवतं, आधी बसवत नव्हतं. एकूण १ लाख ३५ हजार. आजोबांनी पुरानंतर घेतलेलं लोखंडी कपाट तेवढं रंगवून ठेवलंय.

नारायण पेठ, दोघी मैत्रिणी, भाड्याची खोली

भिंतीला खिळा मारायचा नाही ही घरमालकिणीची अट. एकूण खर्च १३,४००. बुरूड आळीतून मापाने बांबूचे पडदे करून घेतले, खिडकीच्या गजांनाच बांधले. रविवारी जुन्या बाजारातून एक सागवानी स्टूल आणि मोडक्या वेताची खुर्ची. खुर्ची ७०० रुपयांची, वीण नवी करायला ९००. आजीची दोन इरकली लुगडी विरली होती, त्यांच्या काठांचे अभ्रे शिवले. मला सगळ्यांत आवडतो तो कोनाडा. त्यात आधी मीटरच्या जुन्या वायरी कोंबलेल्या होत्या. घरमालकीण काकूंच्या परवानगीने साफ करून आत पिवळ्या उजेडाचा दिवा ठेवला. आता त्याच येऊन तिथे बसतात.

कर्वेनगर

एकच सांगायचंय. घराचं काम काढण्याआधी सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, झालंय का विचारा. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३०च्या पुढे दर ३ वर्षांनी व्हायला हवं. आमच्याकडे नव्या रंगानंतर सहा महिन्यांत ऑडिट झालं आणि दोन कॉलम दुरुस्तीला घेतले. त्यातला एक आमच्या हॉलमधला.

सहकारनगर

आम्हाला ठेकेदाराने फसवलं. लिहायला जड जातं, पण कुणाचे तरी वाचतील. ४ लाखांच्या कामात २ लाख आगाऊ घेतले, तोडफोड केली आणि तीन आठवड्यांनी फोन उचलणं बंद. मोडलेल्या भिंतींत आई-बाबा पावसाळाभर एका खोलीत राहिले. दुसऱ्या वेळी सुताराशी, गवंड्याशी, प्लंबरशी वेगवेगळं ठरवलं. १० टक्के आगाऊ, बाकी काम होईल तसतसे, शेवटचे १५ टक्के काम संपल्यावर महिन्याने. माल सगळा आम्ही आणला. प्लाय भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून, बिजागऱ्या-कड्या बोहरी आळीतून. प्रत्येक ठिकाणी पक्कं बिल. रोज संध्याकाळी वहीत लिहायचं, कोण आलं, काय झालं, किती दिले. स्वयंपाकघर उघडं करायला मधली भिंत पाडायची होती, तिथे मात्र इंजिनिअरला बोलावलं. ते म्हणाले, घर लोड बेअरिंग आहे, याच भिंतीवर स्लॅब बसलाय. चार हजार त्यांची फी. पहिला ठेकेदार हीच भिंत पाडायला निघाला होता, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

एरंडवणे

माझ्याकडे सांगण्यासारखा फक्त ओटा आहे. आईची उंची ४ फूट १० इंच, आणि ओटा ३४ इंच. पन्नास वर्षं ती पाटावर उभी राहून पोळ्या लाटायची. आम्ही सगळ्यांनी तो पाट रोज पाहिला होता, कधी विचारलं नाही. नवा ओटा करायचा ठरला तेव्हा सुताराने तिला समोर उभं केलं, कोपर दुमडायला सांगितलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरला. ३६ इंच. त्यातून ५ वजा करून त्याने ३१वर खूण केली. जुना कडाप्पा कापून त्याचेच फडताळाचे कप्पे केले, ग्रॅनाइट फक्त वर. आता पाट देवघरात आहे.