समुद्रतळावरच्या ज्वालामुखींवर कायमची नजर हवी की नको?

खोलवाट:
त्सुनामीच्या इशाऱ्यांची बरीचशी भिस्त भूकंपावर आहे. मोठा धक्का नोंदवला गेला की यंत्रणा जागी होते. डिसेंबर २०१८ मध्ये इंडोनेशियातल्या अनक क्राकाताऊ या ज्वालामुखी बेटाचा एक अख्खा कडा समुद्रात कोसळला, तेव्हा असा मोठा भूकंप झालाच नव्हता. लोकांना आधी लाट दिसली. ४०० हून जास्त माणसं गेली.

१५ जानेवारी २०२२ चा, प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशाजवळच्या समुद्री ज्वालामुखीचा उद्रेक घ्या. ५७ किमी उंच गेलेला राखेचा स्तंभ सगळ्यांच्या लक्षात आहे. पाण्याखाली काय झालं ते फारसं कुणी बोलत नाही. वर उडालेला राखदगडांचा प्रचंड भार सरळ खाली, ज्वालामुखीच्या तीव्र उतारांवर आदळला आणि पाण्यात मिसळून ताशी १२२ किमीपर्यंतच्या वेगाने तळावरून धावत सुटला. बेटांना एकमेकांशी जोडणारी, फोन-इंटरनेटची समुद्रतळावरची केबल आधी तुटली, बाहेरच्या जगाशी जोडणारी त्यानंतर. पाच आठवडे देशाचा संपर्क जवळजवळ बंद होता. वस्तीजवळच्या समुद्री ज्वालामुखींवर आणि त्यांच्या उतारांवर कायमची उपकरणं बसवलीच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

रोखठोक:
कळकळ पटली, उपाय पटला नाही. उपकरण बसवलं म्हणून केबल तोडणारा गाळाचा लोंढा थांबत नाही. जगात केबल तुटतात त्या बहुतांश मासेमारीच्या जाळ्यांमुळे आणि जहाजांच्या नांगरांमुळे. तेव्हा पैसा जायला हवा तो दुसऱ्या, वेगळ्या मार्गाच्या केबलवर आणि दुरुस्तीच्या जहाजांवर. डिसेंबर २००६ मध्ये तैवानच्या दक्षिणेला भूकंप झाला, गाळाचे लोंढे सुटले आणि नऊ केबल तुटल्या. दुरुस्तीला ११ जहाजं आणि ४९ दिवस लागले. कारण उघड आहे, सगळ्या केबल एकाच चिंचोळ्या भागातून नेल्या होत्या!

आणि उपकरणांचं म्हणाल तर जानेवारी २०२० मध्ये आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या मुखापुढच्या समुद्री घळीत (तळावरच्या खोल दरीत) गाळप्रवाह आला, तेव्हा तिथे नांगरून ठेवलेली उपकरणंच उखडली गेली.

खोलवाट:
उखडली, पण वर येऊन तरंगू लागली आणि आपला ठावठिकाणा कळवू लागली. कोणतं कधी सुटलं यावरून प्रवाहाचा वेग निघाला. प्रवाह ११०० किमीहून लांब गेला हे त्यामुळेच कळलं. दुसरी केबल वेगळ्या मार्गाने टाका म्हणता, पण कोणता मार्ग सुरक्षित हे याच नोंदी सांगणार ना?

१९२९ मध्ये कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला भूकंप होऊन हेच झालं होतं. भूकंपाच्या जवळच्या, समुद्रतळावरच्या टेलिग्राफच्या तारा लगेच तुटल्या. मग उताराच्या दिशेने एकेक करत पुढच्या तुटत गेल्या, शेवटची तर १३ तासांनी. भूकंपाचा धक्का १३ तास टिकत नाही. तरीही हीझेन आणि युइंग या शास्त्रज्ञांनी तुटण्याच्या वेळा जुळवून गाळाच्या लोंढ्याचं स्पष्टीकरण मांडलं ते १९५२ मध्ये. नोंदी हाताशी असून २३ वर्षं गेली. नोंदीच नसत्या तर?

तळशोधक:
खोलवाट यांच्या बाजूने एक भर. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या किनाऱ्यापासून दूर ॲक्सिअल नावाचा समुद्री ज्वालामुखी आहे. आत शिलारस साठला की त्याचा तळ फुगतो, तो किती फुगतोय हे वर्षानुवर्षं मोजलं जातंय. २०१५ चा उद्रेक होणार हा अंदाज आधीच वर्तवला होता आणि तो खरा ठरला.

रोखठोक:
ॲक्सिअल सुमारे दीड किमी खोल पाण्यात आहे, त्याच्या उद्रेकाने कुणाच्या घरात पाणी शिरत नाही. माहीत असलेल्या ज्वालामुखीवर नजर ठेवणं सोपंच. २०१८ मध्ये हिंदी महासागरातल्या मायोत बेटाजवळ भूकंपांची मालिका सुरू झाली. पुढच्या वर्षी जहाज जाऊन पाहतं तर तळावर ८०० मीटरच्या आसपास उंचीचा नवाकोरा ज्वालामुखी! जो यादीतच नाही त्याच्यावर नजर कशी ठेवणार?

अनक क्राकाताऊबद्दल तर माझा आक्षेप आणखी मोठा आहे. तो कडा कोसळून त्सुनामी येऊ शकते, हे २०१२ मध्येच संशोधकांनी गणित मांडून प्रसिद्ध केलं होतं. माहिती होती. ती किनाऱ्यावर भोंगा वाजवण्यापर्यंत पोहोचली नाही. तुम्ही आणखी माहिती गोळा करायला सांगताय.

खोलवाट:
मायोतचा मुद्दा मान्य, तळाचे नकाशे आधी हवेत. पण २०१२ चं गणित "असं होऊ शकतं" एवढंच सांगत होतं. "आत्ता होतंय" हे गणित कधीच सांगणार नाही. कडा कोसळल्यावर जावाच्या किनाऱ्यावर लाट पोहोचायला अर्धा तास लागला. ज्वालामुखीच्या भोवती तळावर पाण्याचा दाब मोजणारी यंत्रं असती, तर पहिल्या काही मिनिटांत पाणी हललेलं कळलं असतं. भोंगा हवाच, पण तो कधी वाजवायचा हे भूकंपमापक सांगणार नसेल तर दुसरं कोण सांगणार?

रोखठोक:
दाबमापकांना माझी हरकत नाही, ती किनाऱ्यावरच्या माणसाच्या थेट कामाची आहेत. तळ किती फुगला ते मोजायला मात्र पहिला पैसा देणार नाही. आधी भोंगे, पळायच्या वाटा आणि दुसरी केबल.