गोमाश्यांचे जवळून फोटो: लेन्स कुठली, आणि रक्त पिताना कसं टिपायचं?

रानवाट_सत्तरी:
नमस्कार मंडळी, गोव्यात वाळपईजवळ राहतो. पावसात उघडीप पडली की इथे म्हशींवर मोठ्या गोमाश्या बसतात, काहींच्या डोळ्यांवर मस्त रंगीत पट्टे असतात. रक्त पिताना त्यांचं तोंड जवळून टिपायचंय. साधा क्रॉप सेन्सर डीएसएलआर आणि ५५-२५० मिमी झूम लेन्स आहे, मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स घेऊ की दुसरं काही चालेल?

मॅक्रोवेडी:
लेन्स आत्ताच नका घेऊ. रेनॉक्स डीसीआर-२५० ही छोटी जोड-भिंग तुमच्याच लेन्सपुढे क्लिप करा, २५० मिमीवर झूम केलं की माशी सेन्सरवर खऱ्या आकाराच्या साधारण दुप्पट मोठी येते, फक्त तिच्यापासून ११-१२ सेंमीवर जावं लागतं. वाचलेले पैसे फ्लॅशवर घाला, कारण एफ/११ ला (लेन्सचं छिद्र लहान ठेवल्यावर) गोठ्यातला उजेड पुरतच नाही, आणि पुढे फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारा बटर पेपरचा मोठा डिफ्यूझर हवाच, नाहीतर डोळ्यांवर पांढरे ठिपके पडून पट्टे दिसत नाहीत. माशी मेली की ते रंग उडतात म्हणून जिवंतच टिपा.

गुरांचा_मित्र:
फक्त मादी चावते, अंड्यांसाठी तिला रक्त लागतं, नर फुलांचा रस पितो. नराचे डोळे वर एकमेकांना चिकटलेले, मादीच्या डोळ्यांत फट. ती डासासारखी सोंड टोचत नाही, पात्यांनी कातडी कापते आणि साचलेलं रक्त टिपून पिते, त्यामुळे ती उडाल्यावरही रक्त ओघळतं, तो फोटो पण घ्या! पण दादा, एक कळकळीने सांगतो, फोटोसाठी म्हशीची शेपटी धरून ठेवू नका. माशी चावली की म्हशीला खूप दुखतं, आणि अर्धवट पिऊन उठलेली माशी दुसऱ्या जनावरावर बसली की सर्राचे (गुरांच्या रक्तातल्या आजाराचे) परजीवी तिकडे जाऊ शकतात. मालकाला विचारा, तो शेजारी असू दे.
गोठ्यात घरमाशीएवढी, सोंड सरळ पुढे काढलेली दिसली तर ती स्टोमॉक्सिस, म्हणजे गोठ्यातली चावरी माशी. तिच्यात नर-मादी दोघं चावतात, बहुतेक गुरांच्या पायांवर. पोट भरलं की भिंतीवर बसून राहते, सुरुवात तिच्यापासून करा.

रानवाट_सत्तरी:
वा, हे माहीतच नव्हतं! म्हशीला त्रास न देता गोमाशी कुठे मिळेल?

मॅक्रोवेडी:
काळी चकचकीत गाडी उन्हात उभी करा, शेताच्या किंवा तळ्याच्या कडेला. गडद चकाकीवरून परतणारा ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) प्रकाश त्यांना खेचतो, बॉनेटवर येऊन बसतात. चेहऱ्याचे फोटो तिथेच मिळतील. तुम्ही मात्र पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.