एन-९५ मास्क सुसह्य करताना संरक्षण कमी होणार नाही, असे कोणते बदल शक्य आहेत?

प्रश्न (अतिदक्षता विभागातील परिचारिका):
पाळीचा बहुतेक वेळ एन-९५ मास्क लावूनच जातो. पाळी संपेपर्यंत नाकाच्या हाडावर लाल वळ उमटतो, चष्म्यावर वाफ धरते आणि कमी ऐकू येणाऱ्या रुग्णांना माझे बोलणे समजत नाही, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. मास्कची रचना बदलून हे टाळता येईल का?

उत्तर १ (व्यावसायिक आरोग्य तज्ज्ञ):
चष्म्यावरील वाफेकडे कृपया दुर्लक्ष करू नका. उच्छ्वास नाकाजवळच्या फटीतून वर येत असेल, तर त्याच फटीतून न गाळलेली हवा आतही येऊ शकते. सुमारे ०.३ मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे गाळणीतून सर्वांत सहज निसटणारे कण किमान ९५ टक्के अडवले जातात, ही हमी गाळणीच्या थराची आहे. मास्क आपल्या चेहऱ्यावर कसा बसतो, याची नाही. म्हणूनच फिट टेस्टमध्ये, म्हणजे मास्क चेहऱ्यावर नीट बसतो का हे तपासणाऱ्या चाचणीत, मास्कच्या आतील कण बाहेरच्या तुलनेत शंभरावा भाग किंवा त्याहून कमी असावे लागतात. माझ्या मते सुधारणेची सुरुवात कडेपासून व्हावी: नाकपट्टीखाली मऊ फोम, लहान चेहऱ्यांसाठी वेगळी मापे आणि डोक्यामागून जाणारे दोन पट्टे. कानात अडकवायचे पट्टे सोयीचे असले, तरी त्यांनी कड चेहऱ्याला तितकी घट्ट बसत नाही.

उत्तर २ (बायोमेडिकल अभियंता):
गाळणीच्या तंतूंवर स्थिर विद्युतभार असल्यामुळे थर फार दाट न करताही कण अडवता येतात आणि श्वास घेणे सोपे राहते. अल्कोहोल फवारल्यास तो भार नष्ट होतो, म्हणून तसे कधीही करू नये. उच्छ्वासाच्या झडपेने आतील उष्णता व दमटपणा कमी होतो, परंतु आपला श्वास न गाळता बाहेर पडतो, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या ठिकाणी ती चालत नाही. संवादासाठी, रुग्णाला ओठ दिसावेत म्हणून, मास्कमध्ये पारदर्शक खिडकीची कल्पना मला मनापासून पटते. मात्र त्या भागातून हवा जात नाही, म्हणून उरलेले गाळणीचे क्षेत्र वाढवावे लागते, सांधा हवाबंद ठेवावा लागतो आणि खिडकीवर वाफ धरू नये याचीही सोय करावी लागते.

प्रश्नकर्ती:
तोपर्यंत नाकावर पातळ मलमपट्टी लावली तर चालेल का?

उत्तर १:
त्वचेवरील दाब त्याने कमी होतो, पण कडेची बैठकही बदलते. पट्टी लावलेल्या स्थितीतच पुन्हा फिट टेस्ट करून घ्या आणि ती उत्तीर्ण झाली तरच तसा मास्क वापरा.