'द क्विक अँड द डेड'ची नायिका इतकी कच खाणारी का? (शेवटासकट चर्चा)

रात्रपाळी

बरेच दिवस यादीत पडून असलेला १९९५ चा 'द क्विक अँड द डेड' एकदाचा पाहून झाला. दिग्दर्शक सॅम रायमी, नायिका शॅरन स्टोन, खलनायक जीन हॅकमन, शिवाय रसेल क्रो आणि अगदी मिसरूड न फुटलेला लिओनार्डो डिकॅप्रिओ. एवढी मंडळी एका गावात कोंबल्यावर कंटाळा येणं शक्यच नव्हतं, आला नाहीच. पण एक गोष्ट डोक्यात अडकून बसली आहे, म्हणून हा धागा. पुढे सगळं उघड बोलणार आहे. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं.

न आठवणाऱ्यांसाठी थोडक्यात: रिडेम्प्शन नावाचं धुळकट गाव, आणि त्यावर राज्य करणारा जॉन हेरॉड. तो पिस्तुलबाजीची बाद फेरीची स्पर्धा भरवतो. दोघांनी भर रस्त्यात समोरासमोर उभं राहायचं, घड्याळाचा ठोका पडला की उपसायचं. या स्पर्धेत एलन नावाची बाई नाव नोंदवते. तिचा बाप त्या गावचा मार्शल (म्हणजे कायदा राखणारा अधिकारी) होता आणि हेरॉडमुळे मेला, एवढं आपल्याला हळूहळू कळतं.

आता माझी अडचण. ही बाई सूड घ्यायला आली आहे ना? मग घेत का नाही? हेरॉड तिला जेवायला बोलावतो, ती पिस्तूल घेऊन जाते, सावज ताटापलीकडे बसलेलं आहे, आणि तिच्याच्याने गोळी झाडवत नाही. पुढे ड्रेड नावाच्या नराधमाला पावसात गोळ्या घातल्यावर ती चक्क गाव सोडून निघून जाते. डॉक्टरला मागे जाऊन, बापाचा बिल्ला हातात देऊन परत वळवावं लागतं. ओठात सिगार धरणारा पुरुष नायक असता तर त्याला असं कापरं भरलेलं दाखवलं असतं का? की बाई म्हणून तिला मुद्दाम नरम केलंय?

आणि दुसरं, तो कॅमेरा. सतत डोळ्यांवर झेपावतो, तिरका होतो, गोळीच्या भोकातून आरपार बघतो. याला काही अर्थ आहे की दिग्दर्शकाची नुसती हौस? याच जातीचे आणखी सिनेमे माहीत असतील तर सांगा.

खडूस_प्रेक्षक

सहमत. माझी तक्रार तर याहून मोठी आहे. सिनेमा नावाला स्टोनचा, सातबारा हॅकमनच्या नावावर. तो पडद्यावर आला की बाकीचे आपोआप मागे सरकतात. एलनपेक्षा कोर्टच्या, म्हणजे क्रोच्या, लढती जास्त लक्षात राहतात.

शेवट तर सरळसरळ फसवणूक. दोन तास ठासून सांगायचं की समोरासमोर, ठोक्यावर, हाच नियम. आणि शेवटी काय? बाई मेल्याचं सोंग घेणार, डॉक्टर खोटं बोलणार, डायनामाइटने अर्धं गाव उडणार. प्रेक्षकांनी तेव्हाच निकाल दिला होता. खर्च तीन कोटी डॉलरच्या वर आणि अमेरिकेतला गल्ला जेमतेम १.८६ कोटी.

तिसरी घंटा

मी संकलनाचं काम करते, त्यामुळे माझं बघणं जरा त्या अंगाने असतं. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

रात्रपाळी, तुम्ही जेवणाच्या प्रसंगात अडकलात, पण उत्तर त्याच्या बरंच आधी, सलूनमध्ये ठेवलेलं आहे. कोर्टला पकडून आणतात तो प्रसंग आठवा. हा एकेकाळी हेरॉडच्या टोळीतला, आता पाद्री झालाय, पिस्तुलाला हात लावणार नाही म्हणतो. त्याला खुर्चीवर उभं करून गळ्यात फास अडकवतात आणि हेरॉड खुर्चीचे पाय गोळ्यांनी उडवायला लागतो. खुर्ची कोसळते, कोर्ट लटकतो, आणि एलन एका गोळीत दोर तोडते. पहिल्यांदा पाहताना आपण 'वा, काय नेम!' म्हणतो आणि पुढे जातो.

आता शेवटचा फ्लॅशबॅक. बापाच्या (गॅरी सिनीज) गळ्यात फास आहे. हेरॉड त्या एवढ्याशा पोरीच्या हातात पिस्तूल देतो आणि तीन गोळ्या देतो. दोर तोडलास तर बाप सुटला. पोर झाडते, आणि गोळी बापालाच लागते.

म्हणजे हेरॉडने बापाला मारलं असं आपण म्हणतो खरं, पण चाप कुणी ओढला होता? सलूनमधली ती गोळी म्हणजे एका परक्या माणसासाठी तिने पुन्हा दिलेली तीच परीक्षा होती, आणि हे आपल्याला तासाभराने कळतं. म्हणून मला ते कापरं बाईपणाचं वाटत नाही. जेवणाच्या टेबलावर नेमाचा प्रश्नच नव्हता, माणूस हाताच्या अंतरावर बसला होता. पण हाच माणूस समोर असताना तिने पूर्वी एकदा पिस्तूल उचललेलं आहे. त्या वेळी काय झालं ते तिच्या हाताला आठवतं. ड्रेडला मारल्यावर ती पळते तेही यातच बसतं. सूड घ्यायला आलेली बाई माणूस मारल्यावर हलकी होत नाही, उलट तिच्या पोटात खड्डा पडतो. माझ्या मते सिनेमातली सगळ्यात प्रामाणिक जागा ती आहे. घाईत उरकली आहे एवढंच दुःख.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर त्यामागे व्यावहारिक अडचण आहे. ही पटकथा संकलकाच्या दृष्टीने भयंकर आहे. दोन माणसं, एक रस्ता, एक घड्याळ, आणि हेच पुन्हा पुन्हा. खरी गोळाबारी क्षणात संपते; दाखवण्यासारखं जे काही असतं ते ठोक्याच्या आधी. आधीचा हा वेळ प्रत्येक वेळी नवा वाटायला हवा. म्हणून मग एका लढतीत घड्याळाचा काटा मोठा होतो, दुसरीत डोळे, तिसरीत पाऊस. स्पॉटेड हॉर्स नावाचा स्पर्धक गोळी खाऊनही उठतो आणि कोर्टजवळ काडतूस एकच, तिथे सगळा ताण 'दुसरी गोळी कोण देतं' यावर जातो. लढत तीच, पण प्रश्न प्रत्येक वेळी वेगळा. संकलक पिएत्रो स्कालिया होते, 'जेएफके'साठी ऑस्कर मिळालेल्या जोडीतले एक. छायाचित्रण दान्ते स्पिनोत्ती यांचं, आणि त्याच वर्षी त्यांचा 'हीट' हा आजच्या शहरातला गुन्हेगारीपटही आला. एकाच माणसाने एका वर्षात इतकी दोन टोकं दाखवली, याचं मला कायम नवल वाटतं.

भोकांचं तर मी शपथेवर सांगते, ती नुसती हौस नाही (हौस आहेच, रायमी भयपटांतून आलेला माणूस). गावकऱ्यांनी वर्गणी काढून हेरॉडला मारायला बोलावलेला सार्जंट कँट्रेल मरतो तेव्हा त्याच्या डोक्यातल्या भोकातून पलीकडचं दिसतं. ती झाली थट्टा. शेवटी हेरॉडला गोळी लागते तेव्हा त्याला आधी काहीच कळत नाही. तो जमिनीवर पडलेली स्वतःची सावली बघतो, आणि तिच्या छातीत उजेडाचा ठिपका आहे. मग तो मान खाली घालून छातीकडे बघतो. गावभर ज्याची सावली पडली होती त्याला स्वतःचं मरण सावलीत वाचावं लागतं. एकही संवाद नाही. मी असते... म्हणजे माझ्या टेबलावर हे आलं असतं तर एक फ्रेमही कापली नसती.

खडूस, तुमच्या 'फसवणुकी'बद्दल: सिनेमा सुरू कसा होतो? डॉग केली तिला घोड्यावरून गोळी घालून पाडतो, ती मेल्यासारखी पडून राहते, तो जवळ आला की त्याला आडवा करून गाडीच्या चाकाला साखळीने जखडते. मेल्याचं सोंग ही तिची खूण पहिल्या पाच मिनिटांत सांगून ठेवली आहे. आणि स्फोटानंतरही ती हेरॉडसमोर उभी राहूनच त्याला मारते. डायनामाइटने त्याचं गाव जातं, तो जात नाही.

काळी बारूद

वरचा प्रतिसाद वाचून पुन्हा पाहावासा वाटला. मी इतिहासवाला, त्यामुळे दोन पैसे माझे.

ठोक्यावर उपसायची अशी द्वंद्वं प्रत्यक्षात फारच विरळा. हमखास सांगितलं जाणारं उदाहरण म्हणजे २१ जुलै १८६५, स्प्रिंगफील्ड, मिसूरी: वाइल्ड बिल हिकॉक आणि डेव्हिस टट. कारण काय, तर जुगारातली उधारी आणि तारण म्हणून उचललेलं खिशातलं घड्याळ. अंतर सुमारे ७५ यार्ड. एवढ्या लांबून झटपट उपसण्याचा काय उपयोग? तिथे शांतपणे नेम धरणारा जगतो, आणि हिकॉक जगला. टूम्बस्टोनची ओ. के. कोरलची प्रसिद्ध चकमक (१८८१) साधारण अर्ध्या मिनिटात आटोपली, तीही चिंचोळ्या मोकळ्या जागेत, जवळजवळ अंगाला अंग लागेल इतक्या अंतरावर.

शिवाय धूर! बंदुकीची बिनधुराची दारू १८८० च्या दशकाच्या मध्यात निघाली. त्याआधीच्या पिस्तुलांतून दोन-तीन गोळ्या सुटल्या की समोरचा माणूस पांढऱ्या ढगात गडप. खरा धूर दाखवला तर हॅकमनचा चेहरा दिसणार कसा, आणि तो दिसला नाही तर तिकीट कशाला काढायचं? त्यामुळे रायमीने वास्तवाचा नाद सोडला ते बरंच केलं.

एक जागा मात्र चुकवू नका. शवपेट्या बनवणारा म्हातारा म्हणजे वूडी स्ट्रोड. १९६८ च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'च्या सुरुवातीला रेल्वे स्टेशनवर ज्याच्या हॅटवर पाणी ठिबकतं तोच हा. हा त्याचा शेवटचा सिनेमा, प्रदर्शनाच्या आधीच तो गेला. चित्रपट त्यालाच अर्पण केलाय. त्या जुन्या सिनेमाचा फ्लॅशबॅकही आठवा: फासावरच्या भावाला खांद्यावर पेलणारा मुलगा, तोंडात कोंबलेला माउथऑर्गन. रायमीने उसना कुठून घेतलाय हे सांगायला नको. फरक एवढाच की तिथे मुलाचे पाय थकतात, इथे मुलीचा नेम चुकतो.

गावकुसाबाहेर

सिनेमांची यादी कुणीच दिली नाही, म्हणून मी.

'हॅनी कॉल्डर' (१९७१). रॅकेल वेल्श. नवऱ्याचा खून आणि स्वतःवर अत्याचार करणाऱ्या तिघा भावांच्या मागावर. तिला पिस्तूल कुठे धरायचं हेही माहीत नसतं. रॉबर्ट कल्पने केलेला बक्षिसासाठी माणसं पकडणारा इसम तिला शिकवतो, आणि तिच्यासाठी पिस्तूल बनवतो तो चक्क क्रिस्टोफर ली. समुद्रकिनाऱ्यावरचा तो शिकवणीचा भाग फार छान जमलाय. पण ते तीन भाऊ विनोदी दाखवलेत, एकमेकांवर खेकसणारे गावठी वेंधळे. त्यांनी काय केलंय हे आपण पाहिलेलं असतं, त्यामुळे हसू घशात अडकतं. रायमीच्या सिनेमात ड्रेडला कुणी विनोदी केलेलं नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवा.

'ट्रू ग्रिट', कोएन बंधूंचा, २०१०. मॅटी रॉस, वय १४, बापाच्या खुन्याच्या मागे. ती अखेर त्याला गोळी घालते आणि बंदुकीच्या धक्क्याने मागे सापांच्या बिळात कोसळते. हात गमावते. रात्रपाळी, तुमचा 'सूड घेताना कच का' हा प्रश्न इथे उलटा बघायला मिळेल. ही पोरगी अजिबात कचरत नाही, किंमत मात्र पुरेपूर मोजते.

आणि 'जॉनी गिटार' (१९५४). शेवटची गोळाबारी दोन बायकांमध्ये! जोन क्रॉफर्डची व्हिएन्ना सलून चालवते, मर्सिडीज मॅकेम्ब्रिजची एमा तिच्या जिवावर उठलेली. सुडाने पेटलेली बाई इथे खलनायिका आहे. अंत्यविधीवरून तशीच काळ्या कपड्यांत आलेली टोळी सलूनमध्ये घुसते आणि व्हिएन्ना पांढऱ्या झग्यात पियानो वाजवत बसलेली असते, तेवढ्यासाठी तरी बघाच.

खडूस_प्रेक्षक

तिसरी घंटा, सलूनमधला दोर मान्य, ते निसटलं होतं खरं. शेवट मात्र अजूनही पटत नाही. सोंग पहिल्या पाच मिनिटांत दाखवलं म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत चालतं असं कुठे आहे? तिला हेरॉडला नियमाने हरवता येतं का, हाच तर सगळा प्रश्न होता.

तिसरी घंटा

नियम कुणाचे पण? त्याच माणसाने एका लहान मुलीला 'तीन गोळ्या, तोडून दाखव' म्हणत असाच एक खेळ लावला होता. त्याच्या नियमाने ती एकदा खेळून चुकली आहे.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. सलूनचा प्रसंग आत्ता पुन्हा लावून पाहिला. दोर तुटल्यावर स्टोनचा चेहरा बघा. सगळं सलून तिच्याकडे बघतंय आणि तिला त्याचा काही आनंद झालेला दिसत नाही. पहिल्यांदा मी याला थंड अभिनय म्हटलं होतं.

हेरॉडबद्दल खडूस यांच्याशी मात्र अजून सहमत आहे, हॅकमन बाकीच्यांना खाऊन टाकतो. पोराला, म्हणजे डिकॅप्रिओच्या 'किड'ला, मारल्यावर 'तो माझा मुलगा होता हे कधी सिद्ध झालं नाही' असं म्हणून हेरॉड मोकळा होतो, तिथे मला त्याचा जितका राग आला तितका एलनच्या बापाच्या वेळी आला नाही. हा पटकथेचा दोष की हॅकमनचा गुण?

'जॉनी गिटार' आधी बघू की 'हॅनी कॉल्डर'?

गावकुसाबाहेर

'जॉनी गिटार' आधी. 'हॅनी'नंतर पाहिलात तर एमाची बाजू घ्याल.