स्विंगमधे काढलेले गोल गायब होतात त्याबद्दल

एकाने विचारलंय की जावा स्विंगमधे (जावा भाषेत विंडो, बटणं बनवायची लायब्ररी) माउसने काढलेले गोल विंडो लहानमोठी केली की पुसले जातात, तर टायमर लावून परत परत काढायचे का. टायमर नकोच. गेटग्राफिक्स (चित्र काढायचं साधन देणारी मेथड) घेऊन थेट पॅनलवर काढलेलं टिकत नाही, पुढच्या रीपेंटला स्विंग पॅनल नव्याने रंगवतं आणि तुमचा गोल त्याला माहीतच नसतो. आकारांची एक अ‍ॅरेलिस्ट (यादी) ठेवा, माउसच्या इव्हेंटमधे फक्त लिस्ट बदला आणि रीपेंट कॉल करा, काढायचं काम सगळं पेंटकॉम्पोनंटमधे (पॅनल रंगवताना स्विंग स्वतः बोलावतं ती मेथड), आणि त्यात पहिली ओळ सुपर.पेंटकॉम्पोनंटची (ती आधीचं चित्र पुसते), नाहीतर ड्रॅग करताना जुन्या गोलांची शेपटी मागे राहते.

पुढे सिलेक्शन करणार असाल तर लिस्ट शेवटाकडून तपासा, कारण शेवटी काढलेला आकार सगळ्यात वर दिसतो आणि लोक क्लिक त्यालाच करतात. गोल-चौकोनाला कंटेन्स (बिंदू आकाराच्या आत आहे का ते सांगणारी मेथड) चालतं पण लाइन२डी (जावातला रेषेचा क्लास) त्याला कायम फॉल्सच देतं (रेषेला क्षेत्रफळच नाही ना), तिथे पीटीसेगडिस्ट या मेथडने क्लिकपासून रेषेपर्यंतचं अंतर काढा आणि ४-५ पिक्सेलच्या आत असेल तर रेषा पकडली असं धरा. ड्रॅग सुरू होताना माउस आणि आकाराच्या कोपऱ्यातलं अंतरही लक्षात ठेवा, नाहीतर आकार एकदम उडी मारतो, वापरणाऱ्याला ते फार खटकतं.