मदत हवी आहे: मिल ड्राइव्ह आणि पीएलसी बदलायचे आहेत, इंजिनिअरिंग कंपनी कशी पारखावी?

तिसरी मिल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. रोजचं गाळप ३,५०० टन, चार मिलचा टँडम (एकामागोमाग लावलेल्या मिल), १५ मेगावॉटचा सहवीज प्रकल्प. हंगाम संपलाय, ओव्हरहॉलिंग सुरू आहे आणि दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटायच्या आत मिल हाऊसचं काम उरकायचं आहे.

सध्याची परिस्थिती अशी. प्रत्येक मिलला ५०० किलोवॉटची डीसी मोटर आणि थायरिस्टर ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण). दोन मिल एका २,००० केव्हीए ट्रान्सफॉर्मरवर, दोन दुसऱ्यावर. ट्रान्सफॉर्मर ११ केव्ही / ४३३ व्होल्टचे, इम्पिडन्स ६.२५ टक्के. प्रत्येकाच्या एलटी बसवर ८०० केव्हीएआरचं एपीएफसी पॅनेल (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारे कपॅसिटर) आहे, ५०-५० च्या सोळा स्टेप, कपॅसिटरसोबत रिअॅक्टर (हार्मोनिकपासून वाचवणाऱ्या कॉइल) नाहीत. केन कॅरियर, रेक कॅरियर, डॉनेली चूटची (मिलमध्ये ऊस सोडणारी उभी नळी) लेव्हल आणि मिलचा वेग हे सगळं एका सीमेन्स एस७-३०० पीएलसीवर (यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक) चालतं, आयओ (सिग्नल आत-बाहेर करणारी मॉड्यूलं) ईटी २००एम, प्रोफिबस नेटवर्कवर.

तीन कंपन्यांची कोटेशनं आली आहेत. पहिलीने फक्त पीएलसी बदलून द्यायचं म्हटलंय. दुसरीने पीएलसी आणि चारही मिलना एसी मोटर व व्हीएफडी (एसी मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह). तिसरीने तेवढंच, शिवाय दोन्ही ट्रान्सफॉर्मरवर ८०० केव्हीएआरची नवी एपीएफसी पॅनेलं, ७ टक्के रिअॅक्टरसह. तिसरीची किंमत अर्थातच सगळ्यात जास्त. एमडी साहेबांना तुलनात्मक टिपणी द्यायची आहे, ती मग संचालक मंडळासमोर जाईल. मंडळात किमतीवर चर्चा होते, त्यात काही गैर नाही, पैसा सभासदांचाच आहे. पण किमतीच्या रकान्याशेजारी दुसरा कोणता रकाना मांडावा, हे मला नीट ठरवता येत नाहीये.

आणखी एक. गेल्या हंगामात ग्रिड गेली आणि आम्ही आयलंडवर (ग्रिडशिवाय, फक्त आमच्या जनरेटरवर) चाललो की एपीएफसीचे फ्यूज उडायचे. ग्रिडसोबत असताना कधीच नाही. कपॅसिटर हलके म्हणून बदलले, तरी तेच. याचा या निर्णयाशी संबंध आहे का?

---

जुना टेस्टिंगवाला

संबंध आहे, आणि थेट आहे. दोन गोष्टी सांगा. ग्रिडवर पूर्ण गाळप चालू असताना किती स्टेप लागलेल्या असतात? आणि फ्यूज उडाले तेव्हा कंट्रोलरवर किती दिसत होत्या? जनरेटरची नेमप्लेटही टाका.

---

तिसरी मिल

ग्रिडवर १४-१५ स्टेप असतात. आयलंड झालं की आम्ही गाळप उतरवतो, मिलवरचा भार कमी होतो, तेव्हा १०-११ वर येतं. लॉगबुकात ऑपरेटरने दोनदा ११ लिहिलंय. जनरेटर १८.७५ एमव्हीए, ११ केव्ही, सबट्रान्झियंट रिअॅक्टन्स १५ टक्के.

---

जुना टेस्टिंगवाला

मग कागद-पेन्सिल घ्या, फार मोठं गणित नाही.

थायरिस्टर ड्राइव्ह सहा पल्सचा, म्हणजे तो पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा असे हार्मोनिक करंट (५० हर्ट्झच्या तितक्या पट वारंवारतेचे) बसवर सोडतो. कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर मिळून एक अनुनादी मंडल तयार होतं, ते एका ठराविक वारंवारतेचा करंट फुगवतं. त्याचा क्रमांक काढायचा तर बसची फॉल्ट लेव्हल (शॉर्टसर्किट झाल्यास तिथे येणारे एमव्हीए) भागिले कपॅसिटरचं केव्हीएआर, आणि त्याचं वर्गमूळ.

तुमच्या ट्रान्सफॉर्मरची स्वतःची फॉल्ट लेव्हल २ भागिले ०.०६२५, म्हणजे ३२ एमव्हीए. एकट्या जनरेटरची १८.७५ भागिले ०.१५, म्हणजे १२५. दोन्ही मालिकेत धरल्यावर एलटी बसवर साधारण २५.५ एमव्हीए उरतात. आता ५२० केव्हीएआर लागलेलं असेल तर २५.५ भागिले ०.५२ म्हणजे ४९, वर्गमूळ ७. सातव्या हार्मोनिकवर बरोबर अनुनाद. ५२० केव्हीएआर म्हणजे दहा ते अकरा स्टेप. ऑपरेटरने लिहून ठेवलेला आकडा किती मोलाचा होता बघा.

ग्रिड सोबत असताना ११ केव्ही बसची फॉल्ट लेव्हल ३०० एमव्हीए धरली तर एलटीवर सुमारे २९ येतात. १४-१५ स्टेपवर उत्तर ६.३ च्या आसपास, म्हणजे पाच आणि सात यांच्या मधोमध. म्हणून तिथे फ्यूज टिकतात. कपॅसिटर हलके नव्हते, बदलून काही होणार नव्हतं.

हे ढोबळ गणित आहे. मोटरींचा परिणाम मी धरलेला नाही, ग्रिडचा आकडाही माझा अंदाज आहे, तो पारेषणच्या सबस्टेशनकडून लेखी घ्या. पण दिशा हीच. पुढच्या हंगामात पॉवर अॅनालायझर दोन्ही स्थितींत लावून मोजा, आणि कंपनी कुठलीही असो, तिच्याकडून हार्मोनिक स्टडी मागा. आयईईई ५१९ या हार्मोनिकच्या मानकाची मर्यादा पाळू असं एका ओळीत लिहून देणं आणि तुमच्या सिंगल लाइन डायग्रामवर स्टडी करून देणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्या टिपणीतला दुसरा रकाना माझ्या मते हाच.

---

पॅनेलबांधणी

टेस्टिंगवाले साहेबांनी मुळावर बोट ठेवलंय. त्यावरून तिसऱ्या कोटेशनबद्दल एक शंका मांडतो.

डीसी ड्राइव्हचा पॉवर फॅक्टर वेगाबरोबर खाली येतो. थायरिस्टर उशिरा फायर करूनच व्होल्टेज कमी करतात, त्यामुळे मिल हळू चालली की रिअॅक्टिव्ह पॉवर (कपॅसिटरने भरून काढतात ती) वाढते. म्हणून तर तुम्हाला प्रत्येक बसवर ८०० केव्हीएआर लागतं. व्हीएफडीच्या पुढे मात्र डायोड ब्रिज असतो. त्याचा मूलभूत पॉवर फॅक्टर कुठल्याही वेगाला ०.९५ च्या वरच राहतो. मग डीसी ड्राइव्ह काढून टाकल्यावर ८०० केव्हीएआर कशाला? पंप, कन्व्हेयर आणि बाकी मोटरींपुरतं लागेल, ते याच्या निम्म्यापेक्षाही कमी असायची शक्यता आहे. त्या कंपनीने जुन्या पॅनेलचा आकडा तसाच उचलून त्यात रिअॅक्टर घातलेला दिसतो. केव्हीएआरचं गणित मागा. देता आलं नाही तर त्यांनी तुमचा प्लँट बघितलेलाच नाही असं समजा.

जास्तीची कपॅसिटर निरुपद्रवी नसतात. महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएच बिलिंग (खराब पॉवर फॅक्टरचा भारही धरणारं) आहे, बिगरहंगामात ग्रिडवरून वीज घेता तेव्हा ते लागेल. आणि आयलंडवर एखादा कॉन्टॅक्टर चिकटून बस लीडिंगला गेली तर जनरेटरचं एक्सायटेशन खाली येतं, तो प्रकार कुणालाच नको असतो.

रिअॅक्टर मात्र हवेतच, कारण व्हीएफडीसुद्धा पाचवा आणि सातवा सोडतोच. ७ टक्के म्हणजे १८९ हर्ट्झला ट्यूनिंग, पाचव्याच्या २५० हर्ट्झच्या खाली, बरोबर आहे. पण रिअॅक्टर लावल्यावर कपॅसिटरवर ४४० ऐवजी ४७३ व्होल्ट येतात. त्यामुळे कपॅसिटर ४८० किंवा ५२५ व्होल्टचे आहेत का, हे कोटेशनमध्ये बघा. ४४० चे लिहिले असतील तर लगेच बाजूला ठेवा.

व्हीएफडीबद्दल आणखी. मिल चोक झाली की पूर्ण टॉर्कने उठवावी लागते. डीसी मोटर ते सहज करते, एसीला ड्राइव्ह हेवी ड्यूटी रेटिंगचा लागतो, एक मिनिट १५० टक्के. नॉर्मल ड्यूटीचा ११० टक्क्यांवरच थांबतो आणि कोटेशनात तो स्वस्त दिसतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या कंपनीत हा फरक आहे का तपासा. मोटरच्या मागच्या बाजूचं बेअरिंग इन्सुलेटेड हवं. आणि ड्राइव्ह रूमची उष्णता मोजा: चार ड्राइव्ह मिळून २,००० किलोवॉट, अडीच टक्के तोटा धरला तर ५० किलोवॉट, म्हणजे १४ टनांचं एसी. बगॅसची धूळ आत येऊ नये म्हणून खोलीत किंचित दाब ठेवावा लागतो. हा खर्च बहुतेक वेळा कोटेशनात 'कारखान्याच्या कक्षेत' असा छोट्या अक्षरात असतो.

---

लॅडर लॉजिक

पीएलसीवर मी बोलतो, रोजचं काम तेच आहे.

एस७-३०० आणि ईटी २००एम सीमेन्सने १ ऑक्टोबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने मागे घ्यायला सुरुवात केली आहे, सुटे भाग २०३३ पर्यंत मिळणार असं कळवलेलं आहे. म्हणजे उद्या कारखाना बंद पडेल अशी परिस्थिती नाही. कुणी तसं सांगून घाई करत असेल तर ऐकू नका. पण मिल ड्राइव्ह बदलणारच असाल तर पीएलसी त्याच खेपेत बदला, नाहीतर इंटरलॉकची चाचणी दोनदा करावी लागेल.

आता सगळ्यात आधी काय करा, कोटेशन बाजूला ठेवून: तुमच्या सध्याच्या प्रोग्रॅमची मूळ प्रोजेक्ट फाइल कारखान्यात आहे का ते बघा. सीपीयूमधून अपलोड करून घेतलं तर लॉजिक मिळतं, पण टॅगची नावं आणि कॉमेंट मिळत नाहीत. एखादा ब्लॉक लॉक केलेला असेल तर तो उघडतही नाही. मूळ फाइल असेल तर सीमेन्सच्या टीआयए पोर्टल सॉफ्टवेअरमध्ये एस७-१५०० वर मायग्रेशन बरंच सरळ होतं, नंतर टायमर, डेटा ब्लॉकचे पत्ते आणि डायग्नोस्टिक्स हाताने तपासावे लागतात. फाइल नसेल तर तर्क नव्याने लिहावा लागतो, आणि तिथे किंमत फिरते. तिन्ही कंपन्यांना ही गोष्ट आधी सांगितली का? नसेल तर तिघांनी वेगवेगळं गृहीत धरलं असणार आणि तुमची तुलनाच चुकेल. कुणी एस७-१२०० सुचवत असेल तर लक्षात ठेवा, त्यात एसटीएल (सीमेन्सची मजकुरात लिहायची प्रोग्रॅम-भाषा) चालत नाही आणि जुन्या प्रोग्रॅममध्ये ते हमखास असतं.

थोडं अवांतर, पण मला हे मनापासून महत्त्वाचं वाटतं. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिले पॅनेलला पर्याय मागितला, त्यातून डिक मॉर्ली यांच्या बेडफर्ड असोसिएट्सचा मॉडिकॉन ०८४ आला. प्रोग्रॅमची भाषा लॅडर ठेवली, कारण कारखान्यातल्या वायरमनला रिलेची ड्रॉइंग वाचता येत होती. यंत्र सांभाळणाऱ्याला ते वाचता आलं पाहिजे, ही अट पहिल्या दिवसापासून होती. आज कंपन्या पासवर्ड टाकून प्रोग्रॅम देतात आणि रात्रपाळीला तुमचा माणूस स्क्रीनकडे बघत बसतो. चांगली इंजिनिअरिंग कंपनी कोणती, तर जिचं काम तिच्या माणसांशिवायही तुमच्या वायरमनला चालवता येतं. म्हणून करारात लिहून घ्या: कॉमेंटसह सोर्स, सगळे पासवर्ड, ड्राइव्हचे पॅरामीटर, लूप ड्रॉइंग, आणि शेवटचा हप्ता या गोष्टी हातात आल्यावरच.

फॅक्टरी टेस्टला स्वतः जा, सोबत मिलचा ऑपरेटर न्या. फायबरायझरचा (ऊस फाडणारं यंत्र) करंट वाढवून दाखवा म्हणावं, केन कॅरियर किती लवकर मंदावतो ते तो बघेल. त्याला जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

---

तिसरी मिल

मंडळी, खूप खूप आभार. कपाट शोधलं. एक सीडी सापडली, प्रोजेक्ट उघडला, पण त्यातली तारीख चूटची लेव्हल ऑटोवर घेतली त्याच्या आधीची आहे. म्हणजे निम्मी फाइल आहे. सीपीयूमधून अपलोड घेऊन दोन्ही शेजारी लावतोय, फरक कुठल्या ब्लॉकमध्ये आहे ते कळलं की तिन्ही कंपन्यांना सारखीच माहिती पाठवतो आणि कोटेशनं नव्याने मागवतो.

तिसऱ्या कंपनीला केव्हीएआरचं गणित विचारलं. 'साइटवर येऊन बघतो' असं उत्तर आलं. दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह नॉर्मल ड्यूटीचा निघाला, त्यांनी हेवी ड्यूटीची सुधारित किंमत द्यायचं कबूल केलंय.

टिपणीत आता किमतीशेजारी चार रकाने केलेत: हार्मोनिक स्टडी, ड्राइव्हचं ओव्हरलोड रेटिंग, ड्राइव्ह रूमचा खर्च कुणाचा, आणि सोर्ससह हस्तांतरण. सातव्या हार्मोनिकचं गणितही जोडलंय. एमडी साहेब मेकॅनिकलचे आहेत, त्यांना ते पटकन समजलं.

एक प्रश्न उरला. पैसे पुरले नाहीत आणि या वर्षी एकाच ट्रान्सफॉर्मरच्या दोन मिल एसीवर नेल्या, उरलेल्या दोन पुढच्या वर्षी, तर चालेल का? टँडममध्ये दोन प्रकारचे ड्राइव्ह, चूटच्या लेव्हलवर वेग जुळवायचा. कुणी असं केलंय?

---

लॅडर लॉजिक

चालतं. मास्टर वेग पीएलसीतूनच द्या, ड्राइव्ह ते ड्राइव्ह जोडू नका. डीसी ड्राइव्हला अॅनालॉग रेफरन्स आणि व्हीएफडीला प्रोफिनेटवरून, दोन्हीकडे रॅम्पची वेळ सारखी ठेवा. पहिल्या दोन मिल आधी बदला, उसाच्या भाराचे धक्के तिथे जास्त बसतात.

---

जुना टेस्टिंगवाला

आणि ज्या ट्रान्सफॉर्मरवर डीसी राहणार, त्याच्या एपीएफसीला या हंगामातच रिअॅक्टर लावा. तेवढ्याने जमत नसेल तर कंट्रोलरला आयलंडचा सिग्नल देऊन त्या वेळी स्टेप आठवर रोखा. २५.५ भागिले ०.४, वर्गमूळ ८ च्या आसपास येतं, सातव्यापासून थोडं दूर. पॉवर फॅक्टर उतरेल, पण आयलंडवर बिल लागत नाही. जनरेटरच्या केव्हीए मर्यादेवर मात्र लक्ष ठेवा.